उसने अश्रु

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग म्हणावा इतकेंही त्याचें मोल नसेल. परंतु तो मनांतून जाईना, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों. आमची कन्या जपानी भाषेचा अभ्यास करते. पुण्यांत ही भाषा शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या आतां बरीच मोठी आहे, आणि तीं मुलें भाषेबरोबर त्या देशाचीं चित्रें, गाणीं व खाद्यपदार्थही घरीं घेऊन येतात. तिनें एका रात्रीं आम्हां उभयतांस आग्रहानें एक जपानी चित्रपट दाखविला. हातानें काढलेल्या चित्रांना गति देऊन केलेला, म्हणजे ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतों त्या जातीचा. आम्ही असलीं चित्रें म्हणजे मुलांचा खेळ असें समजणाऱ्यांपैकीं. चष्मा पुसून, कन्येवर थोडे उपकार करीत आहों अशा भावनेनें बसलों. दीड तासानें दिवा लागला तेव्हां तोच चष्मा पुन्हां पुसावा लागला, आणि या वेळीं कारण निराळें होतें.

चित्रपटाचें नांव 'होतारु नो हाका', म्हणजे काजव्यांची समाधि. १९८८ सालीं इसाओ ताकाहाता यांनीं तो दिग्दर्शित केला. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. १९४५ सालीं अमेरिकन विमानांनीं कोबे शहरावर आगीचे बाँब टाकले, त्यांत आई गमावलेला चवदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची ती गोष्ट आहे. नात्यांतल्या बाईचे टोमणे सोसवेनात म्हणून भाऊ बहिणीला घेऊन एका तळ्याकांठच्या ओस भुयारांत राहूं लागतो, आणि तेथें ती मुलगी अन्नावांचून झिजून मरते. तिच्या मरणानंतर एक दृश्य येतें. तळ्यापलीकडे एक मोठा बंगला आहे. युद्ध संपलें म्हणून त्या घरच्या मुली परगांवाहून परततात, खिडक्या उघडतात आणि ग्रामोफोनवर एक तबकडी लावतात. 'होम, स्वीट होम' हें जुनें इंग्रजी गाणें आमेलिता गाल्ली-कुर्ची या इटालियन गायिकेच्या आवाजांत तळ्यावरून वाहूं लागतें. आणि त्या सुरांवर आपल्याला दिसते ती सेत्सुको, जिवंत असतांनाची, दिवसभर एकटीच राहणारी, पाण्यांतल्या आपल्याच प्रतिबिंबाशीं खेळ मांडणारी. आम्ही रडलों तें या ठिकाणीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, चहा होण्यापूर्वीं, आम्हांस एक दुर्बुद्धि झाली. कन्येचा संगणक उघडून आम्हीं तेंच दृश्य आवाज बंद करून पाहिलें. डोळे कोरडे राहिले. चित्रें तींच, मुलगी तीच, तिचें मरणही तेंच. पण अंतःकरण जागचें हललें नाहीं. मग आवाज चालू केला, आणि चार-दोन स्वर कानावर पडतांच घसा दाटून आला. प्रयोगशाळेंतल्या विद्यार्थ्याला आपला प्रयोग यशस्वी झाल्याचा जसा आनंद होतो तसा आम्हांस मुळींच झाला नाहीं. उलट कोणी तरी आपल्याला फसवितांना पकडावें, आणि तो लबाड आपल्याच खिशांत सांपडावा, असें कांहींसें वाटलें. आदल्या रात्रीं आम्ही रडलों तें कोणासाठीं? उपाशीं मेलेल्या मुलीसाठीं, कीं एका सुरेल तबकडीसाठीं? मरणाला जें आम्हीं दिलें नाहीं तें एका चालीला दिलें काय? आणि तसें असेल, तर त्या रात्रीं स्वतःच्या सहृदयतेविषयीं जें थोडें समाधान वाटलें होतें (वाटलें होतें, हें कबूल केलेंच पाहिजे), तें कोणत्या खात्यावर मांडावयाचें?

संगीताविरुद्ध ही तक्रार नवी नाहीं. टॉल्स्टॉयच्या १८८९ सालच्या 'क्रॉइत्झर सोनाटा' या कथेंतला नायक हीच तक्रार करतो. संगीत आपल्याला आपल्या स्थितींतून उचलून दुसऱ्याच्या स्थितींत नेऊन ठेवतें. रचनाकाराला त्या भावनेचें कारण ठाऊक असतें, आपल्याला तें ठाऊक नसतां ती भावना मात्र सोसावी लागते, असें त्याचें म्हणणें. चीन देशांत संगीत ही राज्यसत्तेची बाब आहे आणि तसेंच असावयास हवें, असेंही तो ठासून सांगतो. तो बायकोचा खून केलेला मनुष्य आहे, तेव्हां त्याचा शब्द प्रमाण मानावा असें कोणी म्हणणार नाहीं. पण वेड्याच्या बोलण्यांतही कधीं कधीं शहाण्यानें टाळलेली गोष्ट असते. मैफलींत निदान आपण संगीतच ऐकावयास बसलेलों असतों. चित्रपटाचें तसें नाहीं. आपल्या भाषेंत त्याला पार्श्वसंगीत म्हणतात, आणि तो शब्द मोठा मार्मिक आहे. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. समोर गोष्ट चाललेली असते. आपण ती डोळ्यांनीं पाहतों, बुद्धीनें तोलतों. आणि त्याच वेळीं कोणी तरी बाजूला बसून आपल्या कानांत हळूच सांगत असतो कीं आतां घाबर, आतां हंस, आतां रड. गोष्टींतल्या पात्रांना तो ऐकूं येत नाहीं. आपल्यालाही तो बोलत आहे असें वाटत नाहीं. आपलेंच मन बोलत आहे असें वाटतें. न्यायाधीशाच्या शेजारीं असा कुजबुजणारा बसवला तर त्या निकालाला आपण काय म्हणूं?

विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील १८९० च्या ग्रंथांत एका रशियन बाईचा उल्लेख आहे. ती नाटकगृहांत नाटकांतल्या पात्रांच्या दुःखानें रडत असते, आणि बाहेर तिचा गाडीवान आपल्या जागेवर थंडीनें गोठून मरत असतो. जेम्स यांचा उपदेश असा कीं, मैफलींत किंवा नाटकांत मन हेलावलें तर त्या भावनेला नंतर कांहीं तरी कृतीचा निचरा द्यावा, मग ती कृति आजीशीं दोन शब्द गोड बोलण्याइतकी क्षुल्लक कां असेना. नाहीं तर नुसतें हेलावण्याचीच संवय जडते. हा उतारा आम्हीं वर्गांत किती तरी वेळां सांगितला आहे, आणि ती बाई रशियन असल्यामुळें आम्हां सर्वांना तो ऐकतांना बरें वाटत आलें आहे. या वेळीं मात्र ती बाई आठवतांच आणखी एक गोष्ट आठवली. चित्रपट ऐन भरांत असतां आमचा फोन वाजला होता. सांगलीहून आमच्या धाकट्या बहिणीचा. ती एकटी राहते, गुडघ्यांनीं बेजार आहे, आणि तिचा फोन म्हणजे अर्धा तास. पडद्यावर भाऊ आपल्या बहिणीला पाठीवर घेऊन चालला होता. आम्हीं फोनचा आवाज बंद केला आणि पुढें पाहूं लागलों. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत त्याची आठवणही झाली नाहीं.

आमच्या अलंकारशास्त्राकडे यावर उत्तर आहे, आणि तें आम्हीं आयुष्यभर शिकविलें आहे. भट्टनायकानें मांडलेला आणि अभिनवगुप्तानें पुढें नेलेला साधारणीकरणाचा सिद्धांत सांगतो कीं, रंगभूमीवरचा शोक या किंवा त्या व्यक्तीचा उरत नाहीं. तो देश, काल, नांव यांतून सुटतो, म्हणूनच तो दुःख न होतां रस होतो. प्रेक्षकानें धांवून जाऊन सीतेला वनांतून परत आणावें अशी अपेक्षाच नाहीं. तसें करूं पाहणारा सहृदय नव्हे, अडाणी होय. हें उत्तर सुंदर आहे, आणि उत्तररामचरित वाचतांना आम्हांस तें पुरतेंही. परंतु सेत्सुको सीता नव्हे. नोसाका यांची स्वतःची लहान बहीण १९४५ सालींच उपासमारीनें गेली. कथेंतला भाऊ जितका मायाळू आहे तितके आपण तिच्याशीं वागलों नाहीं, हें त्यांनीं पुढें स्वतःच कबूल केलें. ती कथा म्हणजे त्या बहिणीची मागितलेली क्षमा आहे. ज्या शोकाला नांव आहे, गांव आहे, आणि ज्यामागें एका जिवंत माणसाचा अपराध आहे, त्याला साधारण करून त्याचा रस चाखावा, हें आम्हांस त्या सकाळीं रुचेना.

येथवर आलेला वाचक म्हणेल कीं मग संगीत काढून टाका. शांत चित्रें पाहा. जपानी चित्रपटकारांनीं हा विचार केलेला नाहीं असें नाहीं. हायाओ मियाझाकी यांना २००२ सालीं एका अमेरिकन समीक्षकानें त्यांच्या चित्रपटांतल्या, जेथें कांहींच घडत नाहीं अशा क्षणांविषयीं विचारलें, तेव्हां त्यांनीं तीन-चार टाळ्या वाजविल्या आणि टाळ्यांमधल्या मोकळ्या काळाकडे बोट दाखविलें. जपानींत त्याला 'मा' म्हणतात. ज्याला आपल्याकडील तालाची थोडी संवय आहे, ज्यानें खालीची जागा बोट न टेकवितां मोजली आहे, त्याला हें वेगळें समजावून द्यावयास नको. मियाझाकींचा १९८६ चा 'लापुता' हा आकाशांतल्या तरंगत्या किल्ल्याचा चित्रपट दोन तासांचा, आणि त्यांत संगीतकार जो हिसाइशी यांचें संगीत सुमारें तासभरच. पुढें अमेरिकेंत तो दाखवावयाचा झाला तेव्हां तेथील वितरकांच्या सांगण्यावरून हिसाइशींनीं स्वतःच तें संगीत वाढवून पुन्हां लिहिलें, कारण तिकडच्या प्रेक्षकाला फार वेळ शांतता सोसत नाहीं म्हणे. अमेरिकन प्रेक्षकाला हंसण्याचा अधिकार आपल्याला मात्र पोंचत नाहीं. १९९३ सालीं दूरदर्शनवर मोगलीची जी मालिका लागे ती जपानी होती; तिचें जपानी गाणें काढून तेथें गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल बसविली गेली, आणि आज चाळिशींतल्या कोणालाही विचारा, त्याच्या मनांतला मोगली त्या गाण्याचाच आहे. चित्र दुसऱ्याचें, गाणें आपलें. आणि बालपण गाण्याच्या मालकीचें झालें. ज्याच्या हातीं गाणें त्याच्या हातीं आठवण, हें सत्ताधाऱ्यांना आमच्यापेक्षां फार पूर्वीं कळलें.

जपानांत तें कसें कळलें याचें एक उदाहरण येथें थोडें विस्तारानें सांगतों. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट समजला जातो तो 'मोमोतारो: उमि नो शिन्पेइ', म्हणजे मोमोतारोचे सागरी देवसैनिक. मित्सुयो सेओ यांनीं तो आरमारी खात्यासाठीं केला आणि १९४५ च्या एप्रिलांत तो प्रदर्शित झाला. लोककथेंतला शूर मुलगा मोमोतारो येथें सेनापति आहे. त्याचे कुत्रा, माकड, अस्वल वगैरे सैनिक दक्षिणेकडच्या एका बेटावर उतरतात, विमानतळ उभारतात, आणि शेवटीं शिंगें असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना शरण आणतात. या सर्वांच्या मधोमध एक शाळा भरते. बेटावरचे प्राणी, म्हणजे तेथील 'अडाणी' रहिवासी, जपानी मुळाक्षरें शिकावयास बसले आहेत. वर्ग आवरत नाहीं, नुसता गोंगाट होतो. मग गाणें सुरू होतें, अ-इ-उ-ए-ओ या अक्षरांचें, आणि पाहतां पाहतां सगळें रान एका सुरांत गाऊं लागतें. स्वयंपाक, धुणीं, ओझीं वाहणें, सगळीं कामें त्या तालावर चालतात.

हें गाणें आम्हीं ऐकलें आहे. तें कर्कश नाहीं, त्यांत आरोळी नाहीं, वैरही नाहीं. तें फार गोड आहे. कन्येनें लावलें तेव्हां आमचा पाय ठेका धरूं लागला आणि कन्येनेंच तो आम्हांस दाखवून दिला. चाल युजी कोसेकी यांची. ओसाकाच्या एका चित्रपटगृहांत सोळा वर्षांच्या ओसामू तेझुका यानें हा चित्रपट पाहिला, आणि त्या बाँबगोळ्यांच्या दिवसांत त्यांतली कोमलता पाहून त्याचे डोळे भरून आले. आपणही असा चित्रपट करावयाचा असें त्यानें ठरविलें. पुढें जपानी ॲनिमेशनचा पायाच ज्यांनीं घातला असें म्हणतात ते हेच तेझुका. त्या मुलाचे अश्रु खोटे होते असें म्हणण्याची आमची छाती नाहीं. पण ज्या बेटांवर हें गाणें शिकवावयाचें होतें, तेथल्या माणसांना त्या वर्षांत काय सोसावें लागलें तें इतिहासांत नमूद आहे. आणि त्या गाण्यांत तें ऐकूं येत नाहीं. ऐकूं येऊं नये यासाठींच तें इतकें गोड आहे. लिहितां लिहितां आम्हांस आमचाच पांचवीचा वर्ग आठवला. तेथें इंग्रजी मुळाक्षरेंही गाण्यांतूनच शिकविलीं गेलीं होतीं, आणि आम्हीं तीं मोठ्या आनंदानें म्हटलीं. त्याच भाषेनें आम्हांस पुढें पोट दिलें आणि जेम्स व टॉल्स्टॉयही दिले. तेव्हां त्या बेटावरच्या माकडांना हंसणें आम्हांस परवडणारें नाहीं.

या कोसेकींचें पुढें काय झालें? १९३७ सालीं त्यांनीं 'रोएइ नो उता' हें छावणीचें गीत केलें होतें, तें गात किती तरी तरुण आघाडीवर गेले. १९४९ सालीं त्यांनींच 'नागासाकी नो काने', नागासाकीची घंटा, हें गीत केलें. अणुबाँबनें होरपळलेल्या त्या शहराच्या शोकावर साऱ्या जपाननें तें ऐकून डोळे पुसले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचें संचलनगीतही त्यांचेंच. एकाच माणसानें रणांगणावर धाडलें, एकाच माणसानें रडविलें, एकाच माणसानें पुन्हां मान वर करून चालविलें. त्यांना ढोंगी म्हणणें सोपें आहे. आम्ही म्हणणार नाहीं. तिन्ही वेळां त्यांचा स्वर प्रामाणिक असावा, असेंच आम्हांस वाटतें, आणि भिण्यासारखी गोष्ट तीच आहे. स्वराच्या प्रामाणिकपणाला कारणाच्या न्याय्यतेशीं कांहीं देणेंघेणें नसतें. सतारीच्या तारेला ती कोणाच्या घरांत वाजते याची खबर नसते.

आतां पुन्हां ताकाहाता यांच्याकडे. २९ जून १९४५ च्या रात्रीं ओकायामा शहरावर बाँब पडले तेव्हां ते नऊ वर्षांचे होते. घरच्यांपासून चुकामूक होऊन एका बहिणीबरोबर ते आगींतून पळाले. अशा माणसानें केलेल्या चित्रपटाला आपण सर्वजण युद्धविरोधी म्हणतों. त्यांनीं स्वतः मात्र तें पुनःपुन्हां नाकारलें. असल्या चित्रपटांनीं युद्ध थांबत नाहीं, असें त्यांचें मत होतें. दुःख पाहून रडलेला मनुष्य, असें दुःख पुन्हां नको म्हणून शस्त्रें वाढवावयासही तितक्याच तत्परतेनें तयार होतो. हें वाचल्यावर आम्हीं तें तबकडीचें दृश्य तिसऱ्यांदां पाहिलें, आणि पहिल्या दोन वेळां जें सुटलें होतें तें दिसलें.

तें गाणें पार्श्वसंगीत नाहींच. चित्रपटाचें पार्श्वसंगीत मिचिओ मामिया यांचें आहे. हें गाणें मात्र गोष्टीच्या आंत वाजतें. तें सेत्सुकोसाठीं लावलेलें नाहीं. ज्या मुलींनीं लावलें त्यांना पलीकडच्या कांठावर कोणी मेलें आहे याचा पत्ताही नाहीं. त्या घरीं आल्याच्या आनंदांत आहेत. आणि गाणें कशाचें, तर घराच्या गोडव्याचें. १८२३ सालीं लंडनच्या एका संगीत नाटकासाठीं अमेरिकन माणसानें लिहिलेलें आणि इंग्रजानें चाल दिलेलें. १८८९ सालीं जपानी शब्द घालून तेथल्या शाळांतून शिकविलेलें. म्हणजे एकाच वेळीं ज्यांनीं घर जाळलें त्यांचें, आणि ज्यांचें घर जळलें त्यांचेंही. हा ग्रामोफोन आपल्याला रड म्हणत नाहीं. तो आपल्याला ओळखतही नाहीं. आपण रडतों तें त्या सुरांनीं मुलीचें दुःख सांगितलें म्हणून नव्हे, तर त्या सुरांना तिचें दुःख ठाऊकच नाहीं म्हणून. जें जग तळ्यापलीकडे तबकडी लावून बसलें आहे, त्यांतच आपण आहों. आमच्या घरींही त्या रात्रीं खिडक्या उघड्या होत्या, कंदील लागले होते, आणि फोन बंद होता.

मग सकाळचा आमचा प्रयोगच चुकला, असें आतां वाटतें. आवाज बंद केल्यावर मुलीचें मरण उरलें आणि जगाचा बेपर्वा आनंद तेवढा गेला. आणि अश्रु आणीत होता तो त्या दोहोंमधला विरोध. दृश्यांतला अर्धा अर्थ काढून घेऊन उरलेल्या अर्ध्यानें आपल्याला कां हलविलें नाहीं, असें आम्ही विचारीत होतों.

याच ताकाहाता यांनीं आपल्या शेवटच्या चित्रपटासाठीं हिसाइशींना बोलाविलें. हा २०१३ चा कागुया राजकन्येचा चित्रपट, जपानच्या फार जुन्या कथेवरचा: बांबूंत सांपडलेली मुलगी, म्हाताऱ्या दांपत्यानें वाढविलेली, आणि शेवटीं चंद्रावरचे लोक येऊन तिला परत नेतात. या वेळीं त्यांनीं संगीतकाराला घातलेल्या अटी हिसाइशींनीं पुढें सांगितल्या आहेत. पात्राच्या मनांतलें संगीतानें बोलूं नये; प्रसंगाला संगीत चिकटवूं नये; आणि प्रेक्षकाच्या भावना भडकावूं नयेत. आमच्या नाटकमंडळींपैकीं एखाद्या पेटीवाल्याला या अटी सांगितल्या असत्या, तर त्यानें पेटी मिटून विडा मागितला असता. हिसाइशींनीं त्या पाळल्या, आणि त्यांतून जें निर्माण झालें तसें आम्हीं दुसरें ऐकलेलें नाहीं.

चंद्रावरची मिरवणूक मेघावर बसून उतरते. उजी येथील १०५३ सालच्या ब्योदोइन मंदिरांत ढगांवर बसून वाद्यें वाजविणाऱ्या व नाचणाऱ्या बावन्न बोधिसत्त्वांच्या काष्ठमूर्ति आहेत. तेच जणूं भिंतीवरून खालीं आले आहेत. खालीं आईबाप टाहो फोडीत आहेत, मुलगी जाणार आहे. येथें दुसऱ्या कोणीही सारंगीसारखें कांहीं काळीज चिरणारें वाजविलें असतें. येथें वाजतें तें हलकेंफुलकें, ठेकेदार, जवळजवळ जत्रेंतलें संगीत. कारण उघड आहे: चंद्रावर दुःख नाहीं, म्हणून तेथील लोकांच्या संगीतांतही तें नाहीं. ते क्रूर नाहींत. त्यांना फक्त ठाऊक नाहीं. मेघडंबरीवरच्या त्या निर्मळ आनंदासमोर मनुष्याचें रडणें किती लहान आणि किती मोलाचें आहे, हें आम्हांस कोणत्याही करुण रागिणीनें इतकें जाणवून दिलें नव्हतें. पहारेकरी त्या संगीतानें झोंपी जातात, राजकन्याही भान हरपून वर खेंचली जाते. आणि तेवढ्यांत एक लहानशी दासी पोरांचा घोळका घेऊन गात पुढें येते. गाणें पृथ्वीवरचें, पाखरें, गवत, ऋतु यांचें, खेड्यांतल्या पोरांचें. त्याची चाल ताकाहातांनीं स्वतः बांधली. तें कानीं पडतांच राजकन्या शुद्धीवर येते. एक संगीत विसरावयास लावतें, दुसरें जागें करतें. आणि गोड दोन्हीही आहेत. शेवटीं पिसांचा झगा तिच्या खांद्यावर पडतो आणि ती सर्व विसरते. पण जातां जातां मागें वळून पृथ्वीकडे पाहते तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी असतें. कशाचें तें तिला आतां ठाऊक नाहीं. ताकाहाता २०१८ सालीं वारले. त्यांनीं आपल्यामागें ठेवलेलें हें शेवटचें चित्र.

येथें आमच्या कन्येनें आम्हांस अडविलें. "बाबा, प्रत्येक गाण्याला तुम्ही कोर्टांत उभें करणार का?" तिचें म्हणणें रास्त होतें. काजव्यांचा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजीं प्रदर्शित झाला तो एकटा नव्हे. एकाच तिकिटांत त्याला मियाझाकींचा 'तोतोरो' जोडलेला होता. त्या दुसऱ्या चित्रपटांत चालावयास निघालेल्या मुलांचें एक गाणें आहे, शब्द रिएको नाकागावा यांचे, चाल हिसाइशींची. आज जपानांतल्या बालवाड्यांतून पोरें तें म्हणत फिरतात. त्यांत नीतीचा प्रश्न कोठें आहे? कोठेंच नाहीं. पाय आहेत, रस्ता आहे, गाणें आहे. आम्हीं तें मान्य केलें. फक्त मनांत आलें कीं अ-इ-उ-ए-ओ गाणाऱ्या पोरांनाही हेंच वाटत असणार. पण सुटीच्या दिवशीं तें बोललों नाहीं.

दोन दिवसांनीं कन्येनें कागुयेचा शेवट आम्हांस पुन्हां दाखविला. नामावली सुरू झाली, शेवटचें गाणें लागलें, आणि पांच-सात सेकंदांत पडद्याच्या कोपऱ्यांत पुढल्या चित्रपटाची चौकट उमटून आंकडे उलटे मोजूं लागली. तिनें घाईनें ती बंद केली. आम्ही उठून बाहेरच्या खोलींत गेलों आणि सांगलीस फोन लावला.

"दादा? काय रे, सगळें बरें आहे ना?" बहिणीचा आवाज घाबरलेला होता. आम्ही आपण होऊन फोन करीत नाहीं हें तिला ठाऊक आहे. बरें आहे, सहजच केला, असें सांगितलें. त्या रात्रीं कां फोन केला होतास असें विचारलें तेव्हां तिला प्रथम आठवेना. मग आठवलें. फराळाच्या करंज्या बिघडल्या होत्या, आणि आई सारणांत खसखस भाजून घालीत असे कीं कच्ची, एवढेंच तिला विचारावयाचें होतें. आम्हांसही तें आठवेना. त्यावर आम्ही दोघें बराच वेळ बोललों. मग गुडघे निघाले, नवा डॉक्टर निघाला, जिन्याच्या पायऱ्या निघाल्या. तिच्या मागें कोठें तरी नळ वाहत होता, आणि तो बंद करावयास ती मधेंच लंगडत गेली, तेवढा वेळ फोन तसाच कानाशीं धरून आम्ही उभे राहिलों.